धोतरातून गोदातीरी

स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखातील पुरुषांनी किल्ट नेसू नये असा कायदा ब्रिटिश पार्लमेंटाने १७४६ साली केला, पहिल्या गुन्ह्यास सहा महिने कैद आणि दुसऱ्यास सात वर्षांची हद्दपारी मुक्रर केली, व १७८२ साली तो रद्द झाल्यामुळे पुढे किल्ट नेसणाऱ्यास आपल्या निऱ्यांबरोबर थोडे हौतात्म्यही मिरवता आले. नाशकात धोतराविरुद्ध एकही फर्मान निघाले नाही. ते आपल्याच पायांनी चालते झाले, सबब ते नित्य नेसू म्हणणाऱ्याच्या वाट्याला ‘आज घरी काही कार्य आहे वाटतं?’ एवढीच पृच्छा येते. गंगापूर रोडवर मला ती एका फर्लांगात तिघांनी केली.

अशोकस्तंभापर्यंत रिक्षाने आणि तेथून पायी रविवार कारंज्यावर येईतो माझा एक हात अखंड निऱ्यांच्या बंदोबस्तावर होता. तेथे पेठेकडचे एक वृद्ध शेतकरी, डोक्यावर पांढरी टोपी, गुडघ्याशी आखडलेले मळकट धोतर, काखेत खताची रिकामी गोणी, अशा थाटात उभे होते. त्यांनी माझ्या मुद्रेकडे ढुंकूनही न पाहता, ‘भाऊ, कासोटा ढिला हाये,’ असा निकाल दिला. आपण धोतर नेसलो आहोत याचा त्या गृहस्थांना पत्ताच नव्हता आणि मला दुसऱ्या कशाचा नव्हता. ज्याला आत्मविश्वास म्हणतात तो बहुधा असल्या विस्मरणातच असावा.

होळकर पुलावर गोदेचा वारा सोग्याशी झोंबू लागला तेव्हा मात्र कासोट्याची योजना करणाऱ्या पूर्वजांविषयी मन कृतज्ञतेने भरून आले. किल्टला ही तजवीज नाही. १८२२ साली एडिंबरोच्या भेटीत खुद्द चौथ्या जॉर्जने किल्ट परिधान केला, परंतु आत कातडीच्या रंगाचे तंग मोजे चढवूनच. राजेसाहेबांचा धीर जेथे गुडघ्यापाशी संपला, तेथे माझ्यासारख्या कारकुनाने पूल ओलांडला, याची नोंद कोणत्या दफ्तरात होणार?

रामकुंडावर माझी बढती झाली. परप्रांतीय यात्रेकरूंच्या एका कुटुंबाने मला गाठून, ‘पंडितजी, पिंडदान का कितना?’ अशी विचारणा केली. मी अंगी तो अधिकार नसल्याचे परोपरीने सांगितले. कुटुंबप्रमुखांनी तो दर वाढवण्याचा डाव समजून आपण होऊन रक्कम चढवली. अखेर मी एका खऱ्या तीर्थोपाध्यायांस हाक मारली. ते पँट-बुशकोटात स्कूटरवरून उतरले आणि डिकीतून सोवळे काढू लागले. यजमानांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळले, नापसंतीने मान हलवली, आणि पुन्हा मजकडे वळून आणखी एक्कावन्न रुपये वाढवले.