मेहुण्याचं माउंट

नवशिक्याने कॅमेरा कसा निवडावा यावर एवढं लिहून ठेवलेलं आहे, की ते वाचून होईपर्यंत आपण घ्यायचं ठरवलेलं मॉडेल बंद पडतं. पण बहुतेक कॅमेरे शेवटी ज्या कसोटीवर विकत घेतले जातात, तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. ती कसोटी म्हणजे मेहुणा. ज्यांना मेहुणा नाही त्यांनी आतेभाऊ, ऑफिसातला मित्र, अगदीच नाइलाज असेल तर साडू असं वाचावं.

तिथवर पोचण्याआधी मेगापिक्सेलच्या गल्लीतून जावंच लागतं. आयुष्यात ज्यांनी कॅमेरा हातात धरला नाही, तेही लिफ्टमध्ये गाठून पहिला प्रश्न हाच विचारतात : ‘किती मेगापिक्सेल?’ 1975 साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तो 0.01 मेगापिक्सेलचा होता. साडेतीन किलोहून जास्त वजन, आणि एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद! आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. आज साधा कॅमेराही 24 मेगापिक्सेलचा असतो, म्हणजे आडवे 6000 आणि उभे 4000 ठिपके. त्यातले फुल एचडी टीव्हीवर दिसतात जेमतेम दोन मेगापिक्सेल. अल्बमात लावायच्या चार बाय सहाच्या प्रिंटलाही तेवढेच पुरतात. उरलेले बावीस आपण निव्वळ मनाच्या समाधानासाठी हार्ड डिस्कमध्ये साठवतो. आणि एवढं करून फोटो जातो कुठे, तर ‘आपला परिवार’ या ग्रुपवर. तिथे मावशी तो न उघडताच अंगठा देते.

मग अ‍ॅपर्चर. लेन्सचं भोक जितकं मोठं तितका आकडा लहान, हे कळल्यावर मी दोन दिवस त्या विषयाशी बोलणंच टाकलं होतं. एफ 1.8 म्हणजे ऐसपैस आणि एफ 16 म्हणजे सुईचं नेढं. वास्तविक हा चौथीतला अपूर्णांक आहे. लेन्सची फोकल लांबी भागिले भोकाचा व्यास. 50 मिलिमीटरची लेन्स एफ 2 वर ठेवली तर भोक 25 मिलिमीटरचं. छेदात मोठा आकडा आला की वाटणीला कमी येतं, हे ज्याने एकत्र कुटुंबात आंबे खाल्लेत त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

तिसरा टप्पा सगळ्यांत अवघड. चार समजूतदार माणसं चष्मा पुसत विचारतात, ‘पण तुम्हाला टिपायचंय काय?’ पक्षी असतील तर हा घ्या, पोर्ट्रेट असतील तर तो घ्या. अहो, मला ते ठाऊक असतं तर मी नवशिक्या कशाला असतो? आणि नवशिक्या काय टिपतो हे जगजाहीर आहे. पाण्याचे थेंब पडलेली जास्वंद. जिन्यातलं मांजर. सुरकुत्या पडलेले फेटेवाले आजोबा, शक्यतो कृष्णधवल. भिगवणला जाऊन रोहित पक्षीही टिपतोच, पण कॅमेऱ्याबरोबर आलेल्या 18-55च्या लेन्सने. त्यात उजनीचं भरपूर पाणी येतं आणि क्षितिजावर एक गुलाबी रेघ येते. हेच रोहित, असं पाहुण्यांना बोट ठेवून सांगावं लागतं.

एवढा अभ्यास झाल्यावर मी फोर्टातल्या बोरा बाजारात गेलो. सीएसएमटीहून चालत पाच मिनिटं. समोरासमोर कॅमेऱ्याची दुकानं, काचेआड शिस्तीत लावलेल्या लेन्सा, आणि गिऱ्हाइकाच्या खिशाचा अंदाज त्याच्या चपलांवरून घेणारे दुकानदार. वापरलेल्या लेन्सची परीक्षा कशी घेतात ते इथे पाहून घ्यावं. दुकानदाराने लेन्सची दोन्ही झाकणं काढली, मोबाइलचा टॉर्च मागून लावला आणि पुढून एक डोळा मिटून बघत राहिला. मग मला बघायला दिलं. आत, काचेच्या कडेला, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. ‘फंगस,’ तो म्हणाला. आमच्या इकडच्या दमट हवेत काचेलाही बुरशी लागते. वर तो हेही म्हणाला की एवढ्याने फोटोला काही होत नाही, आणि किंमत तिळमात्र कमी केली नाही.

लेन्स वगळून उरलेल्या नुसत्या कॅमेऱ्याला इथे ‘बॉडी’ म्हणतात. तेवढ्यात घरून फोन आला. ‘बॉडी मिळालीय. संध्याकाळी घेऊन येतो,’ असं मी मोठ्याने सांगितलं आणि शेजारी लिंबू सरबत पीत उभा असलेला गृहस्थ पेला अर्धा टाकून निघून गेला.

कोणत्या कंपनीचा घ्यावा, यावर मात्र तो दुकानदार शंभर नंबरी बोलला. ‘घर में किसके पास कौनसा है?’

कॅमेऱ्यांना गोत्र असतं. त्याला माउंट म्हणतात. लेन्स जिथे बॉडीला जोडली जाते ती गोल कडी प्रत्येक घराण्याची वेगळी. एकाची लेन्स उजवीकडे फिरवून बसते, दुसऱ्याची डावीकडे. लग्नात सगोत्र चालत नाही, इथे सगोत्रच लागतं. निकॉनने आपलं एफ माउंट 1959 पासून जपलं. कॅननने 1987 साली जुनं मोडून ईएफ आणलं, तेव्हा जुन्या लेन्सा बाळगणाऱ्यांनी तोंडभर शिव्या दिल्या. मग 2018 मध्ये दोघांनीही आरशाविना चालणाऱ्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठी नवी माउंटं काढली. बॉड्या येतात आणि जातात, कपाटात राहतात त्या लेन्सा. आणि लेन्सा महाग असल्यामुळे त्या नेहमी दुसऱ्याच्या कपाटात असलेल्या बऱ्या.

माझा मेहुणा साताऱ्याचा. कासच्या पठारावर तो फुलांसमोर इतका वेळ पालथा पडतो, की पर्यटक त्याची विचारपूस करून जातात. त्याच्याकडे ईएफ घराण्याच्या लेन्सा : 100 मिलिमीटरची मॅक्रो, 55-250, आणि 50 मिलिमीटर एफ 1.8. विषय संपला. मी कॅनन घेतला. सेन्सरचा आकार, फोकस पॉइंट, बॅटरी, यातलं काहीही पाहिलं नाही.

पन्नासची लेन्स त्याने उसनी दिली, ती सूचनांसह. ‘दाजी, फुंकर मारायची नाही. शर्टाने पुसायची नाही. आणि पावसाळ्यात हवाबंद डब्यात, सिलिका जेल टाकून.’ डोंबिवलीत आमच्या घरी हवाबंद म्हणावा असा एकच डबा, चकलीचा. तो मी धुऊन वाळवला, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या पुड्या तळाशी पसरल्या आणि लेन्स आत ठेवली. त्या वर्षी चकल्या स्टीलच्या डब्यात सादळल्या. लेन्सला मात्र बुरशीचा ठिपका नाही. तरी जवळून हुंगली तर ओवा येतो.

गेल्या महिन्यात साताऱ्याहून फोन. ‘दाजी, मी मिररलेस घेतोय. जुन्या लेन्सा काढायच्यात. बाहेर कुणाला देण्याआधी म्हटलं घरात विचारावं. घरचा भाव लावतो.’

घरचा भाव ऐकून मी गुपचूप बोरा बाजारात फोन केला. तिथे त्याच लेन्सा स्वस्त होत्या, वर बॅग फुकट. हे कसं सांगावं या विचारात रात्र काढली आणि सकाळी चहाच्या वेळी बायकोपुढे दोन्ही आकडे ठेवले.

तिने ते नीट पाहिले. ‘अहो, त्याच्याकडूनच घ्या,’ ती म्हणाली. ‘वरचे पैसे मी भाऊबीजेला काढते.’