दुसऱ्याची खुर्ची उबवताना

डॉक्टरने सुटीवर जावं हे नगर जिल्ह्यातल्या पेशंटांना मुळात मान्यच नाही. (कागदोपत्री आता अहिल्यानगर झालंय, पण कंडक्टरकडे तिकीट अजून 'एक नगर' असंच मागितलं जातं.) तरी डॉक्टरही माणूसच. मुलीचं लग्न असतं, चारधाम असतं, गुडघ्याचं ऑपरेशन असतं. दवाखाना मात्र बंद ठेवता येत नाही, कारण आपला पेशंट समोरच्या दवाखान्याची पायरी एकदा चढला की उतरताना तिथलाच होऊन उतरतो. मग आमच्यासारख्याला फोन येतो. आमच्यात याला लोकम करणं म्हणतात. गावात म्हणतात, 'बदली डॉक्टर आलाय.'

या धंद्याला हा जिल्हा सोन्यासारखा. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, तालुके चौदा, म्हणजे कुठला ना कुठला डॉक्टर कायम गावाला गेलेला. पावसाळ्यात अकोल्यात बसलो तर घाटघर-रतनवाडीकडची माणसं पार भिजून खोकत येतात. तिथून कर्जत-जामखेडला जावं, तर पेशंट आभाळाकडे बघत विचारतो, "तिकडं पडला का?" आधी पावसाची बातमी द्यायची, मग जीभ बघायची.

नव्या दवाखान्यात पहिल्या दिवशी आपली मुलाखत कंपाउंडर घेतो. डिग्री विचारत नाही, "बोलायला कसे आहात?" एवढंच विचारतो. नंतर पेशंट आत यायच्या आधी तो दारातून डोकं घालून निदान सांगून जातो. "ह्यांना सुई लागती." "ह्यांना लाल औषध." "ह्या मावशींना काही झालेलं नाही, नुसतं ऐका." त्याचं ऐकावं. विशेषतः तिसऱ्या प्रकारात त्याचं निदान चुकलेलं मी पाहिलेलं नाही.

उधारीची वहीही त्याच्याच ताब्यात. प्रवरानगरला १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि पाठोपाठ जिल्ह्यात कारखान्यांचं पीकच आलं. तेव्हापासून निम्म्या जिल्ह्याचा खोकला गाळपाच्या हंगामाला बांधलेला आहे. "उसाचं पेमेंट आलं की देतो" असं पेशंट म्हणाला की मी कंपाउंडरकडे बघतो. कुठल्या कारखान्याचा हप्ता कधी पडणार, हे त्याला तोंडपाठ असतं.

पेशंट आत येतो, मला बघतो, आणि टेबलाखाली कुणी लपलंय का ते बघतो.

"डॉक्टर कुठंयत?"

"मीच डॉक्टर."

"तसं नव्हं. आपले डॉक्टर."

मग तो बीपी तेवढं मोजून घेतो आणि औषध 'ते आल्यावर' घ्यायचं ठरवतो. गोळी तीच, कंपनी तीच. पण हात माझा, आणि गुण हाताला असतो. एकदा जुलाब झालेल्या, पण चांगल्या हिंडत्या-फिरत्या गृहस्थांना मी सलाईन न लावता मीठ-साखरेचं पाणी सांगितलं. ते म्हणाले, "त्याला डॉक्टर कशाला? साखर आमच्याच कारखान्याची हाय."

जामखेडकडे गेलं की वेगळीच परीक्षा. तिथे १९७०मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, आणि गावोगावच्या, बऱ्याचशा निरक्षर, बायकांना बाळंतपणापासून जुलाबापर्यंत सगळं शिकवलं. १९७९मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे सगळं कौतुकास्पदच, पण बदली डॉक्टरच्या दृष्टीने जरा अवघड. अशीच एक जुनी आरोग्यसेविका नातवाला घेऊन आली. मी मुलाला हात लावणार तोच म्हणाली, "हात धुतले का?" धुतले. मग पाणी किती, कधी, कसं पाजलंय ते तिनेच सांगितलं. मी मान डोलावली. "बरोबर आहे," ती म्हणाली. कुणाचं, ते मी विचारलं नाही.

आता यशाचं. वाईट लोकमला परत बोलावत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फार चांगल्यालाही बोलावत नाहीत, हे कुठल्या मेडिकल कॉलेजात शिकवत नाहीत. माझ्या एका मित्राने एका गावात इतकं मन लावून काम केलं, की मालक काश्मीरहून परतले तेव्हा पेशंट म्हणाले, "तुम्ही अजून आठ दिवस राहायचं होतं की!" मित्राला पैसे वेळेवर मिळाले, पण फोन पुन्हा आला नाही. रोगी बरा व्हायला हवा आणि डॉक्टरची आठवणही यायला हवी, ही मात्रा जुळायला वर्षं जातात. म्हणून मी औषध चोख देतो, पण गप्पा जरा कमी मारतो. सोयरिकी विचारत नाही. कुणाची म्हैस व्याली याची चौकशी मालकांसाठी शिल्लक ठेवतो.

परवा एक मालक परतले. माझ्यादेखतच त्यांनी कंपाउंडरला विचारलं, "काय, कसे वाटले हे?"

कंपाउंडरने माझ्याकडे एकदा बघितलं. "हुशार आहेत," तो म्हणाला, "पण तुमची सर नाही."

मालकांचा चेहरा असा खुलला, की दिवाळीच्या तारखा त्यांनी तिथेच पक्क्या केल्या. बाहेर पडल्यावर कंपाउंडरला मी चहा पाजला. त्याने भजीही मागवली.