साहेबांचा फोन कुठे आहे?

मुंबईच्या पीआर एजन्सीत पूर्वी नवा मुलगा लागला, की त्याच्या हातात आधी कात्री आणि फूटपट्टी येई. सकाळी पेपरांचा गठ्ठा पडायचा. त्यात क्लायंटचं नाव शोधायचं, बातमी कापायची, कोऱ्या कागदावर चिकटवायची आणि ती किती कॉलम सेंटिमीटर भरते ते मोजायचं. त्या आकड्याला पेपरच्या जाहिरात दराने गुणायचं. वर आणखी तीनने गुणायचं, कारण जाहिरातीपेक्षा बातमीवर लोक जास्त विश्वास ठेवतात. तीनच का, हे विचारायची पद्धत नव्हती. जी रक्कम निघे तिला एव्हीई म्हणत. महिनाअखेरीला ती बिलासोबत गेली, की लोणच्याच्या कारखानदारालाही आपण लाखभरात कोटीची प्रसिद्धी मिळवली असा साक्षात्कार होई आणि चेक वेळेवर निघे.

2010 साली या धंद्यातल्या मोजमापवाल्यांची परिषद बार्सिलोनात भरली. एव्हीई म्हणजे जनसंपर्काची किंमत नव्हे, असं तिथे जाहीर झालं. त्याला आता दीड दशक उलटून गेलं. बार्सिलोनाहून अंधेरीला पोहोचायला काही गोष्टींना वेळ लागतो.

पण कात्री-फूटपट्टी ही वरवरची कामं. खरं काम दाराशी उभं राहण्याचं होतं. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’, ‘प्रश्न लेखी पाठवा’, ‘ऑफ द रेकॉर्ड सांगतो, नाव टाकू नका’ या तीन वाक्यांवर कित्येक जनसंपर्क अधिकारी निवृत्त झाले. लोक साहेबांपर्यंत पोहोचू नयेत, याचा पगार मिळत असे. सोशल मीडियाने ते काम नेमकं उलटं करून ठेवलं. आता साहेब लोकांपर्यंत पोहोचू नयेत, याचा पगार मिळतो. आणि हे काम फार अवघड आहे, कारण साहेबांकडे फोन आहे.

या व्यवसायाची सुरुवात त्या मानाने सभ्य होती. 28 ऑक्टोबर 1906 रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. तोवरची रीत अशी, की कंपनीने तोंड मिटून बसायचं. आयव्ही ली नावाच्या सल्लागाराने कंपनीला स्वतःहून निवेदन काढायला लावलं, बातमीदारांना घटनास्थळी नेण्याची व्यवस्था केली आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते निवेदन जसंच्या तसं छापलं. जगातली पहिली प्रेस नोट म्हणून ती सांगितली जाते. (प्रेस नोट जशीच्या तशी छापण्याच्या प्रथेचा मानही मग त्याच निवेदनाला द्यायला हवा.) तेव्हाचा क्रम सरळ होता: आधी अपघात, मग निवेदन, मग लोकांचं मत. आता आधी मत येतं, मग व्हिडिओ, मग मीम, मग दुसऱ्या कंपनीची कोपरखळी. निवेदन येतं तेव्हा त्याची चेष्टा करणारे आधीच रांगेत उभे असतात.

हे बदललेलं वेळापत्रक किती निर्दय असतं, ते युनायटेड एअरलाइन्सला विचारावं. मार्च 2017 मध्ये ‘पीआरवीक’ या जनसंपर्क क्षेत्राच्याच नियतकालिकाने कंपनीचे प्रमुख ऑस्कर मुनोझ यांना त्या वर्षीचे सर्वोत्तम संवादक ठरवलं. 9 एप्रिलला शिकागोच्या विमानतळावर कंपनीच्या कर्मचाऱ्यांना बसायला जागा हवी म्हणून चार प्रवाशांना उतरायला सांगण्यात आलं. एकाने नकार दिला, तर त्याला सुरक्षारक्षकांनी खुर्चीतून ओढून, रक्तबंबाळ अवस्थेत, दोन रांगांमधून फरपटत नेलं. शेजारच्या प्रवाशांनी फोन काढले. सर्वोत्तम संवादकांनी दुसऱ्या दिवशी खेद व्यक्त केला तो असा, की जणू काही प्रवाशांची सोय दुसऱ्या विमानात लावावी लागली एवढंच झालं होतं. कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या प्रवाशालाच भांडकुदळ ठरवलं आणि ते पत्रही बाहेर आलं. धडाची माफी आली ती त्यानंतर. आज निवड करायची असती तर हा पुरस्कार त्यांना मिळाला नसता, असं मग ‘पीआरवीक’च्या संपादकांना सांगावं लागलं. परीक्षकांनी निकाल महिनाभर लांबवला असता तर सगळ्यांचीच अब्रू वाचली असती.

आपल्याकडचे साहेब यात मागे नाहीत. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रमण्यन यांच्या कर्मचाऱ्यांशी झालेल्या संवादाचा व्हिडिओ रेडिटवर फिरू लागला. तुम्हाला रविवारी कामाला लावता येत नाही याची आपल्याला खंत वाटते, असं ते म्हणाले. आठवड्याला नव्वद तास काम करा म्हणाले. आणि घरी बसून बायकोच्या तोंडाकडे किती वेळ बघणार, असंही विचारून झालं. दोन डॅनिश इंजिनिअरांनी 1938 साली मुंबईत सुरू केलेल्या, पूल आणि धरणं बांधण्यात हयात घालवलेल्या कंपनीची चर्चा त्या आठवड्यात घराघरांतल्या बायकोच्या तोंडाभोवती झाली. कुठल्याही एजन्सीला कोट्यवधी मोजून एवढी पोहोच मिळाली नसती. एव्हीई काढायला हवी होती.

इथे खरं कौशल्य होतं ते गप्प बसण्यात. पण कंपनीने निवेदन काढलं. आठ दशकांची राष्ट्रउभारणी आली, हे भारताचं दशक असल्याचं आलं आणि असामान्य यशाला असामान्य कष्ट लागतात, हेही आलं. बायकोचा उल्लेख तेवढा आला नाही. दीपिका पदुकोणने इन्स्टाग्रामवर शेरा मारला, की यांनी तर आणखी बिघडवलं. एका नटीला एका ओळीत जे कळलं, ते किती बैठकांत कोणालाच कसं कळलं नाही, हा प्रश्न विचारायचा तर त्या बैठकीत कोण बसतं हे ठाऊक असावं लागतं. तिथे निवेदनाच्या प्रत्येक शब्दावर कायदा विभाग, मनुष्यबळ विभाग आणि ब्रँड विभागाची सही होते. ज्याने ते वाक्य उच्चारलं त्याच्यासमोर ‘सर, हे चुकलं’ म्हणणारी सही मात्र कुठल्याच रकान्यात नसते. पीआरचा पोरगा ते म्हणू शकतो. पण त्याच्या रिटेनरशिपचं नूतनीकरण मार्चमध्ये असतं.

सुब्रमण्यन निदान घरच्या माणसांशी बोलत होते. ओलाचे प्रमुख भाविश अग्रवाल थेट मैदानात उतरले. 6 ऑक्टोबर 2024, वार रविवार. विनोदकार कुणाल कामराने धूळ खात उभ्या असलेल्या ओला स्कूटरींचा फोटो टाकून ग्राहकांच्या हालांबद्दल विचारलं. प्रमुखांनी उत्तर दिलं: एवढी काळजी असेल तर येऊन मदत कर, या पैसे घेऊन टाकलेल्या पोस्टमधून किंवा फसलेल्या विनोदी कारकिर्दीतून मिळतात त्याहून जास्त पैसे देतो. सोमवारी बाजार उघडला आणि ओला इलेक्ट्रिकचा शेअर आठ टक्क्यांहून अधिक घसरला. त्याच दिवशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोटीस निघाली. ग्राहकांच्या तक्रारी दहा हजारांवर गेल्या होत्या. विनोदकाराने फक्त फोटो टाकला होता. बाकीचं सगळं काम कंपनीने स्वतःच्या अंगठ्याने केलं.

म्हणून आज एजन्सीच्या संकटकालीन आराखड्यात, बारा रंगांच्या बाणांच्या त्या सादरीकरणात, पहिला प्रश्न एकच असायला हवा: साहेबांचा फोन कुठे आहे? विशेषतः रविवारी.

साहेब जिथे गप्प असतात, तिथे साचा बोलतो. ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, कृपया आपला क्रमांक डीएम करा.’ बँक, वीज कंपनी, विमान, पिझ्झा, सगळीकडे हेच वाक्य. 2015 मध्ये मॅगीत शिशाचं प्रमाण जास्त असल्याचा आरोप झाला तेव्हा नेस्ले ट्विटरवर चिडलेल्या ग्राहकांना एकाच छापाची उत्तरं चिकटवत राहिली आणि लोकांचा संशय वाढत गेला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मॅगीवर आलेली बंदी रद्द केली, नोव्हेंबरमध्ये मॅगी परतली. त्या उन्हाळ्यात मॅगीची बाजू सगळ्यात जीव तोडून कोणी मांडली असेल, तर ती हॉस्टेलवरच्या भुकेल्या पोरांनी. त्यांना कोणी फी दिली नव्हती.

सरकारी संस्थांचं जनसंपर्काचं शास्त्र वेगळं आहे. तिथे दिलगिरीच्या ऐवजी तपासणी पाठवतात. जुलै 2017 मध्ये रेड एफएमवरच्या आरजे मलिष्काने मुंबईच्या खड्ड्यांवर, त्या वर्षी गल्लोगल्ली गाजलेल्या ‘सोनू’च्या चालीवर, गाणं केलं. 25 हजार कोटींहून अधिक अंदाजपत्रक असलेल्या महापालिकेला ते झोंबलं. सत्ताधारी शिवसेनेच्या नगरसेवकांनी तिच्यावर 500 कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा लावावा, अशी मागणी आयुक्तांकडे केली. प्रत्युत्तरादाखल गाणीही रचली गेली. आणि महापालिकेचे कर्मचारी तिच्या घरी पोहोचले. तिथे त्यांना डेंग्यूच्या डासांच्या अळ्या सापडल्या, रीतसर नोटीस निघाली. एका गाण्यानंतर इतक्या तातडीने आरोग्य सेवा घरपोच मिळते हे कळल्यावर मुंबईत गायकांची लाट कशी आली नाही, याचं नवल वाटतं. ज्यांनी गाणं ऐकलं नव्हतं त्यांनी नोटीस वाचून ते शोधून काढलं. पुढच्या पावसाळ्यात मलिष्का ‘झिंगाट’च्या चालीवर आणखी एक गाणं घेऊन आली, तेव्हा खड्डे जुनेच पुरले.

त्याच शहरात दुसरं उदाहरणही आहे, आणि प्रामाणिकपणे ते सांगायला हवं. डिसेंबर 2015 मध्ये मुंबई पोलीस ट्विटरवर आले. शिट्टी आणि दंडुका यापलीकडे ज्यांची भाषा जात नाही असं वाटे, ते सिनेमाच्या संवादांवर कोट्या करू लागले, हेल्मेट आणि अमली पदार्थांवर विनोद करू लागले. लोक चक्क पोलिसांना फॉलो करायला लागले. एरवी ते उलट चालतं. यात युक्ती फार नव्हती. बाहेरची संवाद सल्लागार होती, तिला विनोद कळत होता आणि खात्याने तिला लिहू दिलं. यातली शेवटची गोष्ट दुर्मिळ आहे.

आता खाजगी क्षेत्रातली प्रतिभा. 2 फेब्रुवारी 2024 रोजी अभिनेत्री पूनम पांडेच्या इन्स्टाग्रामवर तिच्या निधनाची पोस्ट झळकली, कारण गर्भाशयमुखाचा कर्करोग. देशभरातल्या वृत्तसंस्थांनी आणि वाहिन्यांनी फारशी खातरजमा न करता श्रद्धांजली वाहिली. दुसऱ्या दिवशी ती जिवंत अवतरली: जनजागृती होती म्हणे. मोहिमेत सामील असलेल्या मुंबईच्या श्बँग या एजन्सीने माफी मागितली, विशेषतः ज्यांच्या घरी कर्करोग येऊन गेला त्यांची. आणि त्याच माफीनाम्यात, या आजाराचं नाव हजाराहून अधिक मथळ्यांत आल्याचंही नोंदवलं. माफी मागतानाही कव्हरेज मोजणारा हा हात ओळखीचा वाटत नाही का? फूटपट्टी कुठेही गेलेली नाही. ती फक्त डिजिटल झाली.

आणि या सगळ्याचा मुकुटमणी मंत्रालयात सापडतो. 12 मे 2021, कोविडची दुसरी लाट. उपमुख्यमंत्री कार्यालयाच्या सोशल मीडियाचं काम बाहेरच्या एजन्सीला देण्याचा आदेश निघाला, खर्च जवळपास 6 कोटी. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडे या कामाचं पुरेसं तांत्रिक कौशल्य नाही, असं कारण त्यात होतं. जनसंपर्क महासंचालनालयाला जनसंपर्क जमत नाही, हे सरकारनेच लेखी दिल्याचा हा बहुधा एकमेव दस्तऐवज असावा. बातमी फुटली, सोशल मीडियावर हलकल्लोळ झाला आणि दुसऱ्याच दिवशी आदेश रद्द झाला. सोशल मीडियावरची प्रतिमा उजळण्याचा आदेश सोशल मीडियानेच चोवीस तासांत गिळला. तांत्रिक कौशल्य कमी होतं, हे खरंच होतं.

सरकारं बदलली, हौस तीच राहिली. मार्च 2025 मध्ये राज्य शासनाने 10 कोटी रुपयांची तरतूद करून माध्यम सनियंत्रण केंद्राला मंजुरी दिली. छापील आणि प्रसारित बातम्यांची कात्रणं पीडीएफमध्ये गोळा करायची, सकारात्मक आणि नकारात्मक अशी विभागणी करायची, नकारात्मक असेल तिथे खुलासा पाठवायचा. केंद्राची वेळ सकाळी 8 ते रात्री 10. कर्मचाऱ्यांवर कामाचा ताण पडू नये यासाठी, वाचकांनी शासनावरची टीका शक्यतो दहा वाजून पाच मिनिटांनंतर करावी.