नाक गळलं म्हणजे पुरावा नव्हे

देवडांगरीचं वाळलेलं फळ रात्री पाण्यात भिजत घालायचं आणि सकाळी त्या पाण्याचे दोन थेंब नाकात सोडायचे. थोड्याच वेळात नाकाला धार लागते आणि सांगणारा ठणकावतो, ‘बघा, सगळा सायनस गळून गेला!’

धार खरी आहे, निदान खोटं आहे. हे फळ जहाल कडू. त्याच्या थेंबांनी नाकातलं नाजूक अस्तर सुजतं, चिडतं आणि पाणी सोडतं. काहींच्या नाकातून रक्तही येतं. युरोपात सायक्लामेन नावाच्या कंदाचा फवारा असाच नाक चिडवून पाणी काढतो. त्याच्या चाचण्या, उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या अभ्यासकांनी २०१८ साली तपासल्या. कामाच्या दोनच निघाल्या, दोन्हींत मिळून १४७ माणसं, आणि फायदा काही सिद्ध झाला नाही.

‘पण आमच्या मेव्हण्याला गुण आला की!’ येणारच. अचानक उठलेला सायनस बहुतेक वेळा विषाणूंचा असतो आणि आठ-दहा दिवसांत आपणहून ओसरू लागतो. सहाव्या दिवशी थेंब टाकले की आठव्या दिवसाचं श्रेय थेंबांना. मेडिकलवरून परस्पर आणलेल्या अँटिबायोटिकची ख्यातीही अशीच फुकटची.

परभणीकरांना हे कळायला अवघड नाही. ‘परभणी क्रांती’ भेंडी आली तेव्हा केवडा रोगाला दाद देत नव्हती, हे आपल्या कृषी विद्यापीठाने कुणाच्या मेव्हण्याच्या शेतावरून ठरवलं नाही. शेजारी दुसरे वाण लावले, रोग मोजला, उत्पन्न तोललं, मग नाव दिलं. भेंडीला जो न्याय, तो नाकाला का नको? झाडपाल्याला माझा विरोध नाही. न तपासता विकण्याला आहे.

तपासलेला घरगुती उपाय आहेच: मिठाच्या पाण्याने नाक धुणं. इंग्लंडमध्ये जुनाट सायनसच्या ८७१ रुग्णांवर वाफ आणि मीठपाणी, दोन्हींची परीक्षा झाली. निष्कर्ष २०१६ साली छापून आले. मीठपाण्याने थोडा आराम पडला, वाफेने डोकेदुखी सोडली तर काही नाही. पाणी मात्र उकळून गार केलेलंच हवं, नळाचं किंवा बोअरचं थेट नको.

आणि मधुमेह्याचा गाल सुजला, टाळूवर काळा डाग दिसला, एकाचे दोन दिसू लागले, तर मीठपाणीही बाजूला ठेवा. ही म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीची खूण असू शकते. २०२१ मध्ये तिने महाराष्ट्रात कितीतरी जणांचे डोळे आणि जबडे नेले. खूण दिसली की त्याच दिवशी, त्याच तासाला मोठा दवाखाना गाठा.