ओरखडा-निवारण : अधिकृत कार्यपद्धती

गिटारवर ओरखडा दिसताच सर्वप्रथम गुन्हेगार निश्चित करावा. डागडुजी नंतरही होते, साक्षीदार मात्र पांगतात. मागच्या बाजूला मधोमध खरचटलेलं असेल, तर ते काम पट्ट्याच्या बक्कलचं. अशा वेळी तपास तिथेच थांबवावा, कारण पट्टा बहुधा तक्रारदाराच्याच कमरेला असतो.

मग ओरखड्यावरून नख फिरवावं. नख अडकलं नाही तर जखम वरवरची आहे. मोटारींच्या रंगकामात वापरतात ते बारीक रबिंग कंपाउंड मऊ सुती कापडावर घेऊन हलक्या हाताने चोळावं. ओरखडा जातो. सुज्ञ माणूस इथे थांबतो. बाकीच्यांसाठी पुढील मार्गदर्शन.

आता वरचा थर कशाचा आहे ते ओळखायचं. हाताने बनवलेल्या क्लासिकल गिटारवर अनेकदा चपडा लाखेचं पॉलिश असतं. ते स्पिरिटने विरघळतं. जुन्या अमेरिकन गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. ते थिनरने मऊ पडतं. आजच्या बहुतेक गिटारींवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर असतं. ते दोघांनाही सहसा दाद देत नाही. चाचणीचा थेंब झाकलेल्या जागी टाकावा. दर्शनी भागावर टाकल्यास निकाल लगेच लागतो आणि मूळ ओरखड्याकडे पुन्हा कुणाचं लक्ष जात नाही.

लाख आणि लॅकर स्वभावाने मनमिळाऊ : नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. पॉलिएस्टर मात्र नव्या थराला घरात घेत नाही. तिथे पातळ सुपरग्लू थेंबाथेंबाने भरावा आणि पूर्ण सुकू द्यावा. (बोट लावून पाहू नये. बोट तिथेच राहतं.) मग ब्लेडच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून फक्त मधल्या धारेने उंचवटा खरवडावा. नंतर वॉटर पेपर ओला करून घासावं : 800, 1000, 1500, 2000 नंबर, याच क्रमाने. प्रत्येक पेपर आधीच्या पेपरचे ओरखडे पुसतो आणि स्वतःचे मागे ठेवतो. म्हणजे एक ओरखडा घालवण्यासाठी आपण हजारो बारीक ओरखडे पाडतो; फरक एवढाच की हे शास्त्रशुद्ध असतात.

काम उत्तम झालं तर तिथे आरशासारखा ठिपका दिसतो आणि त्यामुळे उरलेली गिटार कळकट वाटू लागते. आता तीही घासावी लागेल. कडांवर थर पातळ असतो; तिथे लाकूड उघडं पडलं, की याच लेखाचा दुसरा परिच्छेद पुन्हा वाचावा. चमक यावी म्हणून सिलिकॉनयुक्त पॉलिश वापरलंत, तर पुढे त्यावर कुठलाही लॅकर नीट बसणार नाही. माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात.

एवढ्यात बाजाराकडेही एक नजर टाकावी. फेंडर कंपनी 1990च्या दशकापासून नव्या गिटारी मुद्दाम खरवडून, झिजवून विकते आणि खरवडण्याचे जास्त पैसे घेते. गिब्सनही त्यात मागे नाही. गायक विली नेल्सनच्या ‘ट्रिगर’ या मार्टिन गिटारला तर वाजवून वाजवून भोक पडलं आहे. ती तशीच मंचावर येते. उलट जुनी, मौल्यवान गिटार पुन्हा रंगवली की तिची किंमत घसरते.

तेव्हा लाकूड उघडं पडलं असेल तरच बुजवा, नाहीतर घाम आणि ओल आत शिरेल. बाकीचे ओरखडे राहू द्या, आणि वाचलेल्या वेळात तारा बदला. गंजल्या आहेत त्या.