जंक्शनचे यजमान

रेल्वेच्या नकाशावर मनमाडचे जे स्थान आहे त्याचा एखाद्या राजधानीलाही हेवा वाटावा. परंतु तेथे उतरणाऱ्या बहुसंख्य मनुष्यांचा त्या नगरीशी येणारा संबंध एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर नेणाऱ्या पुलापुरताच असतो. १८७८ साली दौंडकडचा लोहमार्ग येथे येऊन मिळाला, पुढे निजामाच्या मुलखातून मीटरगेजची गाडी आली, आणि तेव्हापासून मनमाडला गाडी बदलणाऱ्यांची संख्या अगणित झाली असली, तरी मनमाडला मुक्कामास जातो असे आपण होऊन म्हणणारा मनुष्य विरळाच राहिला. या ऐतिहासिक अन्यायाच्या परिमार्जनाचा विडा उचललेले एक गृहस्थ येथील प्रत्येक आळीत हमखास आढळतात. त्यांना आपण नाना म्हणू.

पुलांचे गर्डर तयार करणाऱ्या येथील रेल्वे कारखान्यातून सेवानिवृत्त झालेले नाना एरवी निरुपद्रवी असतात. मात्र मे महिना लागला, की कल्याणचे व्याही, मुंबईचा पुतण्या आणि जळगावची बहीण यांच्या नावे फर्माने सुटू लागतात. 'शिर्डीला जाता जाता दोन तास डोकावून जातो,' असा कोणी अर्ज केल्यास तो तात्काळ नामंजूर होतो. पाहुण्यांनी सहकुटुंब, पूर्ण एक आठवड्यासाठी रुजू व्हावयाचे असते. आणि रुजू होण्याची तारीख पंचांगावरून नव्हे, तर पालखेड धरणाचे आवर्तन केव्हा सुटते, ते वाघदर्डीच्या तलावात केव्हा पोचते आणि तेथून आपल्या आळीच्या नळास केव्हा येते, याच्या सूक्ष्म गणितावरून ठरते. जेथे उन्हाळ्यात नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी येत नाही, तेथे आतिथ्य ही भावनेची नव्हे, बंदोबस्ताची बाब होऊन बसते.

या आठवड्याचे दप्तर नानांच्या हिशेबाच्या वहीत असते. त्यात रवानगीची वेळ, परतीची वेळ आणि 'जबाबदार इसम' असे रकाने आखलेले असून, जबाबदार इसमाच्या रकान्यात सर्वत्र त्यांचे स्वतःचेच नाव असते. पहिली स्वारी अंकाई-टंकाईवर. पहाटे निघावयाचे ठरून उन्हे तापल्यावर निघालेली ही मंडळी जैन लेणी पाहून अगस्ती ऋषींच्या स्थानाकडे चढू लागली, की १६३५ साली शहाजहानच्या सैन्याने हा किल्ला कसा घेतला याचे निवेदन नाना अशा आवेशाने करतात, की जणू त्या प्रसंगी ते किल्लेदाराच्या कचेरीतच नोकरीस होते. दुसऱ्या दिवशी चांदवडची रेणुकामाता आणि होळकरांचा रंगमहाल. तिसऱ्या दिवशी येवल्याची पैठणी, जेथे हातमागाचे कौशल्य नाना समजावतात आणि किमतीचा विषय निघताच बाहेर उभे राहतात. मनमाड हे राहण्याजोगे गाव आहे, हे सिद्ध करण्यासाठी ते पाहुण्यांना रोज मनमाडच्या हद्दीबाहेर नेतात, ही गोष्ट अद्याप त्यांच्या ध्यानात कोणी आणून दिलेली नाही. नाही म्हणावयास गुप्तसर गुरुद्वाऱ्यातील लंगर गावातच आहे, आणि तेथे जेवून आलेला पाहुणा त्या दिवशी घरच्या स्वयंपाकाविषयी अवाक्षर काढीत नाही.

रात्री गच्चीवर संगीत. पेटीवर नाना, तबल्यावर पुतण्या. मालगाडी जात असता तान घेणे निषिद्ध असल्यामुळे नाना सुरावर बोट ठेवून शेवटचा डबा जाईपर्यंत समाधिस्थ बसतात. परंतु इंजिनाची शिट्टी ऐकताच 'ही दौंडची, उशिरा आली' असा निर्वाळा दिल्यावाचून त्यांना पुढला अंतरा सुचत नाही. नृत्याचा विभाग मात्र वहीत नसतो. शेजारच्या आळीत हळदीचा बँड वाजू लागतो, पोरेबाळे तिकडे धावतात, त्यांना परत आणण्याच्या सबबीवर जळगावची बहीण जाते, तिला आणण्यासाठी व्याही जातात; आणि अखेरीस सर्वांना शिस्तीची जाणीव करून देण्यासाठी गेलेले नाना दोन्ही हात वर करून, तोंडात रुमालाचे टोक धरून, नागीण होऊन नाचताना आढळतात.

या रंगात मध्यरात्री कोणी तरी ओरडते, "पाणी आलं!" क्षणार्धात मांडव ओस पडतो. बँडवाले बिचारे वाजवीत राहतात, कारण त्यांचे बिऱ्हाड गावाबाहेर असते. जरीकाठाचे पदर खोचून सुना हंडे उचलतात, व्याही झब्ब्याच्या बाह्या सारून मोटारीला हात घालतात, पिंपे, बादल्या, पातेली, इतकेच काय पण पुतण्याच्या मुलाची पाण्याची बाटलीही भरली जाते. आणि नाना टाकीवर चढून, साहेबाने हजेरी घ्यावी त्या थाटात, एकेका भांड्याची नोंद करून घेतात. दुसऱ्या दिवशीची सहल अर्थातच तहकूब होते, आणि साऱ्या आठवड्यात पाहुण्यांना पोटभर झोप मिळते ती त्याच दिवशी.

सातव्या दिवशी भल्या सकाळी निरोप. पंचवटी एक्सप्रेस येथूनच सुटणारी असल्याने निरोपाला भरपूर अवकाश असतो. खिडकीत बसलेले व्याही, काही तरी गोड बोलावे म्हणून, बोलून जातात, "एवढं हिंडलो नाना, पण मनमाड पाहायचं राहूनच गेलं."

नानांनी ही दरखास्त जागच्या जागी मंजूर केली आणि डब्यात शिरून व्याह्यांची बॅग फळीवरून खाली काढली.