टॉवरवरचा वऱ्हाडी

आमच्या कॉलेजच्या आवारात कोरीव दगड एकच होता, तो म्हणजे कोनशिला. तिच्यावर मंत्र्यांपासून सरपंचापर्यंत अकरा नावं होती आणि 'शुभहस्ते'तला 'भ' कारागिरानं गाळला होता. तास बुडाला की आम्ही तिला सायकली टेकवायचो आणि त्या 'शुहस्ते'च्या सावलीत संत्री सोलायचो. वरूडच्या पोट्ट्यांना बुडलेल्या तासात दुसरं काय सुचणार? शिल्पकलेचं माझं शिक्षण एवढ्यावरच आटोपलं.

ते पुढे सरकलं मागच्या डिसेंबरात. लेक मुंबईत शिकते. तिला आंबिया बहाराची संत्री पोचवायला मी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, असे दोघं गेलो. तिचा तास चारला सुटणार होता, म्हणून थैला घेऊन ओव्हल मैदानाच्या कडेला बसलो. समोर मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, 280 फूट उंच. मान वर केली आणि दिसलं की तिथं माणसं उभी आहेत. दगडाची.

मोबाईलनं जवळ ओढून पाहिलं. पगडीची घडी न् घडी, अंगरख्याची चुणी न् चुणी. एकाच्या खांद्यावर कबूतर बसलेलं, तेही इतकं स्तब्ध की आधी दगडाचंच वाटलं. टॉवरवर असे 24 जण आहेत. मुकुंद रामचंद्र नावाच्या मराठी इंजिनिअरनं घडवलेले. पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे नमुने, असा त्यामागचा बेत.

हे सांगितल्याबरोबर मामाजींनी चष्मा पुसला.

"यातला आपला कोनता?"

आली का पंचाईत! मी अदमासानं शोधलं. पारशी असेल, कच्छी असेल, पण वऱ्हाडी कुठून सापडणार? टॉवर पुरा झाला 1878 साली. तेव्हा वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हतंच. 1853 पासून मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजाचा.

"म्हंजे ठेक्यानं देल्लं वावर," मामाजी म्हणाले.

इतका नेमका इतिहास मला कोणी शिकवला नव्हता. मुंबई राज्यात आपण आलो 1956 मध्ये, असं मी पुढं सांगितलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. "78 वर्सं लेट झालो बाप्पा. मंग कशाले जागा ठेवतीन?"

विषय बदलावा म्हणून मी नकाशाकाराचं सांगायला गेलो. टॉवरचा आराखडा लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. गडी आयुष्यात हिंदुस्थानात आला नाही.

"गारपिटीचा पंचनामा होते तसाच," मामाजी म्हणाले. "घरी बसून. पन याचं काम टिकलं, हे मानलं पाह्यजे."

मग पैशाचं निघालं. प्रेमचंद रायचंदांनी टॉवरसाठी 2 लाख रुपये दिले आणि त्याला आपल्या आईचं, राजाबाईचं, नाव लावलं. एवढा पैसा आला कुठून? अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचे व्यापारी रातोरात गब्बर झाले. 1865 मध्ये युद्ध संपलं तसा बाजार कोसळला आणि खुद्द प्रेमचंदही बुडाले. देणगी तेवढी आधीच देऊन झाली होती.

कापूस म्हटल्याबरोबर मामाजी सरसावून बसले. आता बागायतदार म्हणवतात, पण त्यांचे आजे-पणजे पऱ्हाटीवालेच. आणि वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून मुंबईलाच तर जायचा. ते बराच वेळ टॉवरकडे पाहत राहिले; आपलीच एखादी गाठ कुठं दिसते का, असं. मग थैल्यातलं एक संत्रं काढून सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

"लिहून ठेव जवाई. कापूस आपला, पुतये त्याइचे."

तेवढ्यात चार वाजले. टॉवरच्या घड्याळानं टोल दिले, कबूतर उडालं, आणि मामाजींनी संत्र्याची सालं दुपट्ट्याच्या टोकात बांधून घेतली.